झुआरीवरचा पाऊस आणि पाटीवरचा एकच आकडा

बांबोळी ते वेर्णा हा राष्ट्रीय महामार्ग ६६ चा सुमारे १३ किलोमीटरचा पट्टा. उत्तर आणि दक्षिण गोव्यात ये-जा करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या चाकाखालून गेलेला. बांबोळीच्या पठारावर जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) मागे टाकली की रस्ता आगशीकडे उतरत जातो, मग झुआरीवरचा तारांचा पूल, पलीकडे कुठ्ठाळी आणि पुन्हा चढून वेर्ण्याचं पठार. १९८३ चा जुना पूल होता तेव्हा इथे वेगमर्यादेची चर्चाच नव्हती. रांगच वेग ठरवायची. कुठ्ठाळीला अडकलेल्या माणसाला ताशी ८० आणि ताशी ६० यातला फरक विचारणं म्हणजे त्याची थट्टाच झाली असती.

नव्या पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ च्या अखेरीस खुली झाली, दुसरी त्यानंतर वर्षभराने. आठ पदर, तारांनी तोललेला भाग ६४० मीटरचा, मधला गाळा ३६० मीटरचा. रांग गेली आणि वेग आला. पाटीवरचा आकडा मात्र जानेवारीतल्या लख्ख दुपारी जो असतो, तोच जुलैतल्या मुसळधार संध्याकाळीही असतो. हा आकडा हवेप्रमाणे बदलावा का, बदलायचा तर कसा आणि कुणी, एवढ्यापुरतंच हे प्रकरण आहे. गोव्यातल्या सगळ्या रस्त्यांना एकच औषध सुचवायचा इथे विचार नाही.

पावसात पुलावर काय होतं

पहिल्या जोराच्या सरीत वाहतूक दोन जातींत विभागते. डाव्या पदरातले चालक घाबरून ३५-४० वर येतात आणि चारही इंडिकेटर लावून चालू लागतात. ही सवय आपल्याकडे कुणी शिकवली देव जाणे. चारही दिवे लुकलुकत असले की गाडी पदर बदलतेय की सरळ जातेय, हे मागच्याला कळायचा एकमेव मार्ग बंद होतो. उजव्या पदरात त्याच वेळी ९० ने जाणारे असतात: रोजचा रस्ता पाठ असलेले, विमान गाठायचं असलेले, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी घेऊन आलेले पाहुणे, ज्यांनी गोव्याचा पाऊस आजवर फक्त फोटोत पाहिलेला असतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाळीच्या बसेस मध्येच. त्यांच्या मागच्या चाकांतून उडणारा पांढरा फवारा मागच्या गाडीच्या काचेवर पडद्यासारखा बसतो आणि वायपर कितीही जोरात फिरवला तरी दोन-तीन सेकंद पुढचं काहीच दिसत नाही. दुचाकीवाले रेनकोट फडफडवत कठड्याला चिकटून. खाली रस्त्यावर आडोशाला थांबता येतं, पुलावर आडोसा नाही आणि नदीवरून येणारा वारा बाजूने ढकलतो. पुलाच्या लोखंडी सांध्यावर ओलं चाक गेलं की हँडल क्षणभर हातात हलकं लागतं. दुचाकी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता हिशेब. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकाप्रमाणे गाडी सुरक्षितपणे थांबवायला पुढे दिसणारं अंतर ताशी ४० ला ४५ मीटर लागतं, ६० ला ८० मीटर, ८० ला १२० आणि १०० ला १८०. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत यात अडीच सेकंद धरलेत. ८० च्या वेगात त्या अडीच सेकंदांतच गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायर रस्त्याला किती धरून राहतो त्याचं माप, ०.३५ ते ०.४० असा हात राखून धरलाय, म्हणजे ओल्या रस्त्याचा विचार कोष्टकात झालेलाच आहे. टायर गुळगुळीत असतील किंवा पाण्याच्या थरावर गाडी तरंगली तर गोष्ट वेगळी. पण बऱ्या टायरांवर पावसातला मुख्य धोका निसरडेपणापेक्षा न दिसण्याचा आहे. तेव्हा कोष्टक उलटं वाचायचं: पुढे ८० मीटरच दिसत असेल तर ६० च्या वर जायचं नाही, ४५ मीटरच दिसत असेल तर ४० पुरे.

आणि वेगांतला फरक. ४० ने चाललेल्या गाडीच्या मागून कुणी ९० ने आला तर दोघांमधलं अंतर सेकंदाला १४ मीटरने आटतं. ४५ मीटरवर ती गाडी दिसली तर भिडायला सव्वातीन सेकंद. त्यातले अडीच कळण्यातच गेले. म्हणून माझ्या लेखी या प्रकरणात ‘वेगाने जाणारे’ एवढाच आरोपी नाही. एकाच पदरात, एकाच क्षणी चाललेले दोन अगदी वेगळे वेग हा खरा आरोपी. सगळे ६० ने गेले तर ते सगळे ४० ने जाण्याइतकं सुरक्षित नसेल, पण निम्मे ४० ने आणि निम्मे ९० ने जाण्यापेक्षा कितीतरी बरं.

जुलै २०२२ मध्ये, नवा पूल सुरू होण्याच्या काही महिने आधी, जुन्या पुलाचा कठडा तोडून मध्यरात्रीनंतर एक गाडी नदीत पडली आणि चौघे दगावले. त्या घटनेच्या कारणात इथे शिरत नाही. साध्या रस्त्यावर चूक झाली तर बाजूला शेत असतं, निदान गटार असतं. पुलावर तेवढीही जागा नसते.

इतरांनी काय करून पाहिलं

आकडा बदलणारी पाटी ही काही कालची कल्पना नाही. जर्मनीत १९६५ मध्ये म्युनिक ते ऑस्ट्रियाची सीमा या ए-८ महामार्गावर ६०, ८० आणि १०० दाखवू शकणाऱ्या यांत्रिक पाट्या बसवल्या होत्या. माणसं पडद्यावर रस्ता बघायची आणि हाताने आकडा बदलायची. अमेरिकेत डेट्रॉइट आणि न्यू जर्सीतही त्याच दशकात प्रयोग झाले.

ब्रिटनने १९९५ मध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ वर हे पक्कं केलं. तिथला हेतू मुख्यतः कोंडीचा. रस्त्याच्या पोटात ठरावीक अंतरावर पुरलेली तारांची वेटोळी गाड्या मोजतात, गर्दी दाटायला लागली की यंत्रणा मागच्यांचा वेग आधीच उतरवते, म्हणजे पुढे खाडकन ब्रेक लागून मागे लाट पसरत नाही. मला त्यातली बारीकसारीक शिस्त जास्त शिकण्यासारखी वाटते. आकड्याभोवती लाल कडं असेल तर तो कायदा, कडं नसेल तर फक्त सल्ला. आणि आकडा खाली आल्याबरोबर कॅमेरा लगेच कुणाला पकडत नाही, चालकाला वेग उतरवायला थोडा अवधी देतो. दिसलेल्या पाटीवर लोकांचा विश्वास बसतो तो अशा गोष्टींमुळे.

झुआरीच्या जवळचं उदाहरण मात्र अमेरिकेतल्या टेनेसीचं. ११ डिसेंबर १९९० रोजी कॅल्हूनजवळ, हायवासी नदी ओलांडणाऱ्या आय-७५ महामार्गावर दाट धुक्यात ९९ गाड्या एकमेकींवर आदळल्या. १२ जण मेले, ४२ जखमी झाले. त्यानंतर त्या पट्ट्यावर दृश्यमानता मोजणारी यंत्रं, वेग मोजणारी यंत्रं आणि बदलत्या पाट्या आल्या. दिसणारं अंतर कमी होत जाईल तसा वेग ताशी ५० मैल, मग ३५ मैल. अंतर २४० फुटांच्या, म्हणजे साधारण ७३ मीटरच्या खाली गेलं की फाटक ओढून रस्ताच बंद आणि गाड्या दुसऱ्या वाटेने. पायऱ्या आधीच ठरवून ठेवल्या होत्या. धुकं पडल्यावर कुणा साहेबाला फोन करून परवानगी मागायची नव्हती.

दक्षिण कोरियाने पुलांवरच ठेच खाल्ली. २००६ मध्ये सोहे पुलावर धुक्यात साखळी अपघात होऊन ११ जण गेले, २०१५ मध्ये योंगजोंग पुलावर शंभरावर गाड्या एकमेकींत घुसल्या. त्यांच्या नियमात टक्केवारीच लिहिलेली आहे: रस्ता ओला असेल तर मर्यादा २० टक्क्यांनी उतरते, १०० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर निम्मी होते. ८० ला हा नियम लावला तर ६४ आणि ४०. वरच्या कोष्टकातून आपण जे आकडे काढले, त्यांच्या शेजारीच हे येऊन बसतात.

फ्रान्सचं तर पाहून हसू येतं, इतकं ते सोपं. मोटरमार्गावर कोरड्यात १३०, पावसात ११०, आणि ५० मीटरच्या पुढे दिसत नसेल तर ५०. ना सेन्सर, ना विजेची पाटी, ना नियंत्रण कक्ष. इटलीतही मोटरमार्गावर पावसात १३० चे ११० होतात. वायपर चालू झाला की मर्यादा बदलली, हे तिथे चालक परवान्याच्या अभ्यासातच येतं.

फसलेलं एक उदाहरणही हवं. अमेरिकेत मिसुरी राज्याने सेंट लुईसच्या वळणमार्गावर २००८ मध्ये बदलत्या मर्यादा लावल्या. गर्दीनुसार आकडा खालीवर व्हायचा, पण चालकाला समोर कारण दिसायचं नाही. मोकळा रस्ता आणि पाटीवर ४० मैल. पोलिसांनाही कारवाई अवघड जात होती. २०११ मध्ये त्या आकड्यांचा कायदेशीर दर्जा काढून त्यांना निव्वळ सल्ला ठरवावं लागलं.

आपल्या देशात यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्याचा वेगळा आकडा असतो: १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, हलक्या गाड्यांना १०० ऐवजी ७५. नसण्यापेक्षा हे चांगलंच. पण तारखेवर चालणारा आकडा धुक्यातल्या पहाटेला आणि उन्हातल्या दुपारला सारखाच लागू होतो, आणि दुपारी तो मोडायची सवय लागलेला माणूस पहाटे कशाला पाळेल? गोव्यात हीच पद्धत आणली, ‘जून ते सप्टेंबर ६०’ असं लिहिलं, तर श्रावणातल्या उघडिपीत चार दिवस ऊन पडेल आणि पाटीची किंमत तिथेच संपेल.

रोग आधीपासूनचा आहे

खरं तर ती किंमत आत्ताच फारशी शिल्लक नाही. महामार्गाचं काम चालू असताना ‘सावकाश, २०’ अशी पाटी लागते. काम उरकतं, डांबर पडतं, पट्टे रंगवले जातात, आणि २० ची पाटी तिथेच गंजत उभी राहते. तिच्यासमोरून पोलीस जीपही २० ने जात नाही. मडगाव-पणजी मार्गावरच्या एका कदंब (गोव्याच्या सरकारी) बसच्या चालकाला मी विचारलं, ‘‘ड्रायव्हरबाब, या पट्ट्यावर मर्यादा किती हो?’’ त्याने आरशातून बघत उलट विचारलं, ‘‘बोर्ड कोण पळयता?’’ म्हणजे, पाटी बघतो कोण? आणि मग समजावून सांगावं तसं म्हणाला की पुढच्याचे ब्रेकचे दिवे बघायचे, पाटी वाचत बसलो तर गाडी कोण चालवणार. यात उद्धटपणा नाही. खोटं बोलणाऱ्या पाटीकडे दुर्लक्ष करायला तो अनुभवाने शिकलाय.

म्हणून बदलत्या मर्यादेची खरी परीक्षा आकडा खाली आणण्यात नाही, तो वेळेवर पुन्हा वर नेण्यात आहे. सर ओसरून रस्ता वाळल्यावरही पाटीवर ४० राहिले, तर पुढच्या सरीतल्या ४० वर कुणी विश्वास ठेवणार नाही. मिसुरीत जे झालं ते कुठ्ठाळीला आठवड्यात होईल.

कायदा आणि दोन जिल्हे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला सार्वजनिक सुरक्षेसाठी, किंवा एखाद्या रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे, केंद्राच्या कमाल मर्यादेखाली वेगळी मर्यादा ठरवता येते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि जागेवर पाट्या हव्यात. याच कलमात एक सोय आहे, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर अधिसूचनेची गरज नाही. म्हणजे जुलै महिना प्रयोग म्हणून वापरायला कायद्याची आडकाठी नाही. चारही महिन्यांसाठी मात्र राजपत्राची वाट धरावी लागेल.

गंमत पुढे आहे. झुआरी ही जिल्ह्यांची हद्द. आगशी तिसवाडीत, म्हणजे उत्तर गोव्यात. कुठ्ठाळी मुरगावात आणि वेर्णा सासष्टीत, म्हणजे दक्षिणेत. वाहतुकीचे असे आदेश आपल्याकडे बहुधा जिल्हा दंडाधिकारी काढतात. तेव्हा एकाच पुलावर, एकाच सरीत, दोन आदेश आणि दोन पोलीस अधीक्षक. रस्ता राष्ट्रीय, म्हणून केंद्रीय मंत्रालयाचा शब्द. देखरेख सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाची. उत्तरेच्या बाजूला ६० आणि दक्षिणेच्या बाजूला जुनाच आकडा, असं झालं तर पुलाच्या मध्यावर चालकांनी गिअर बदलायचा की काय? यावर उपाय एकच दिसतो: एकाच मसुद्याचा संयुक्त आदेश, आणि सर आल्यावर निर्णय घेणारा माणूस एकच, दोन्ही जिल्ह्यांनी आधीच मान्य केलेला.

दुसरी अडचण पुराव्याची. मेरशीच्या जंक्शनवर जून २०२३ पासून कॅमेऱ्याने आपोआप चलान निघतं, तेव्हा यंत्राचं चलान गोंयकाराला नवं राहिलेलं नाही. केंद्राने २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक कारवाईचे जे नियम केले, त्यात गाडीचा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद लागते. मर्यादाच बदलती असेल तर त्या क्षणी पाटीवर कोणता आकडा दिसत होता हेही नोंदलं गेलं पाहिजे. नाहीतर पहिल्याच सुनावणीत वकील विचारेल, ‘साहेब, तेव्हा ६० होते हे कशावरून?’

मग काय करावं

विजेच्या पाट्या आणि सेन्सरांपासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. निविदा निघेल, उद्घाटन होईल, आणि खाऱ्या वाऱ्यात दुसऱ्या पावसाळ्यात अर्धे दिवे विझलेले असतील. फ्रान्सचा मार्ग आधी धरावा. आहे त्याच खांबावर, नेहमीच्या आकड्याखाली दुसरी पाटी: पावसाचं चित्र आणि ६०. कारण चालकाच्या स्वतःच्या काचेवर पडत असतं, ते त्याला समजवावं लागत नाही. दर किलोमीटरला, दोन्ही बाजूंना, मराठी-कोकणी-इंग्रजीचा घोळ न घालता चित्रानेच. सोबत भाड्याच्या गाड्या देणाऱ्यांनी किल्ली देताना एक वाक्य सांगावं. आणि जुन्या कामांच्या मेलेल्या पाट्या त्याआधी उपटाव्यात. हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त परिणामाचं आहे, म्हणून बहुधा सगळ्यात शेवटी होईल.

पाऊस की रिमझिम, हा वाद होणारच. रस्ता ओला म्हणजे ६०, एवढंच ठरवलं तर वाद पुष्कळ मिटतो. ४० चा टप्पा चालकाच्या अंदाजावर सोडता येणार नाही, कारण ४५ मीटर म्हणजे किती हे पावसात कुणालाच सांगता येत नाही. तिथे यंत्र हवं: पुलावर वारा आणि दृश्यमानता मोजणारं एक केंद्र, आणि बांबोळीच्या उतारावर व वेर्ण्याच्या उतारावर प्रत्येकी एक बदलती पाटी. दोन पाट्या, आठ-दहा कमानी नव्हेत. वेर्ण्याला पाऊस कोसळत असताना बांबोळीला ऊन असतं, हे आपण दर वर्षी बघतो. बांबोळीच्या कोरड्या उतारावरून ८० ने येणाऱ्याला पुढे पुलावर काय चाललंय ते आगशीच्या आधी कळणं, एवढ्यापुरतीच वीज लागते.

‘आधी खड्डे बुजवा’ हा आक्षेप येईल, आणि तो रास्तच आहे. पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, तो चुकवायला गाडी अचानक पदर बदलते. पण खड्डा बुजेपर्यंत ९० ने जावं असं त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. १३ किलोमीटर ८० ने पावणेदहा मिनिटांत होतात, ६० ने तेरा मिनिटांत. सव्वातीन मिनिटं. जुन्या पुलावर माणसं याच्या कित्येक पट वेळ इंजिन बंद करून बसलेली आहेत.

प्रयोग करायचाच तर मोजमाप मे महिन्यात सुरू व्हायला हवं, पाटी लावायच्या आधी: कोरड्या दिवशी प्रत्येक पदरातला वेग किती, आणि जूनच्या पहिल्या सरींत, पाटीशिवाय, किती. मग जुलैत पाटी लावून तेच. किती चलानं फाडली याचा आकडा यात कामाचा नाही, तो फक्त पोलिसांची धावपळ सांगतो. डाव्या आणि उजव्या पदरांच्या वेगांतली दरी पावसात अरुंद झाली का, ते बघायचं. ती झाली तर ऑगस्टसाठी राजपत्राच्या मागे लागावं. महिन्याभरानंतरही डावीकडे ४० आणि उजवीकडे ९० च राहिले, तर पाट्या १ ऑगस्टला उतरवून घ्याव्यात, गंजायला ठेवू नयेत.